मध, पाणी आणि यीस्टची भूक : मीड तयार करण्याची रीत

जावळी खोऱ्यातील एका मधपाळाने काही वर्षांपूर्वी मला पावसाळ्याच्या तोंडावर जांभळाच्या मधाची एक बाटली दिली होती. ती मी सांगलीच्या घरी फडताळात ठेवली आणि विसरून गेलो. श्रावणात झाकण फिरवले तेव्हा फस्स असा आवाज झाला, बाटलीच्या तोंडाशी बोटभर फेस चढला आणि ताडीच्या जवळ जाणारा आंबूस वास घरभर पसरला. मध नासला असे घरातल्या सर्वांचे मत पडले. प्रत्यक्षात पोळ्यातील घरे मेणाने बंद होण्यापूर्वीच तो काढलेला होता, त्यामुळे त्यात पाण्याचा अंश जास्त राहिला होता आणि मधात मुळातच सुप्तावस्थेत असणाऱ्या रानटी यीस्टला तेवढे पाणी पुरले होते. मधातील पाणी साधारण २० टक्क्यांच्या वर गेले की हे केव्हाही घडू शकते. मीड, म्हणजे मध आंबवून केलेले मद्य, याच आंबण्यातून होते. फरक इतकाच की येथे यीस्ट आपण निवडतो, पाण्याचे प्रमाण आपण ठरवतो आणि कोठे थांबायचे याचा हिशेब आपल्या हातात असतो.

मीड हा शब्द कानाला परका वाटला तरी संस्कृतातील ‘मधु’, मराठीतील ‘मध’ आणि इंग्रजीतील ‘मीड’ हे तिन्ही शब्द एकाच प्राचीन इंडो-युरोपीय शब्दाचे वंशज आहेत. ‘मद्य’ हा शब्द मात्र ‘मद्’ या वेगळ्या धातूपासून आला आहे, म्हणजे मध आणि मद्य यांची सोयरीक शब्दकोशात नव्हे, बरणीत जमते.

कृतीकडे वळण्यापूर्वी कायद्याची बाजू सांगणे भाग आहे. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये मद्यार्कयुक्त पेय परवान्याशिवाय तयार करणे हा गुन्हा आहे आणि ‘घरापुरते चार लिटर केले’ या सबबीने त्यातून सुटका होत नाही. खालील रीत मी सांगली जिल्ह्यातील एका परवानाधारक वायनरीच्या प्रयोगशाळेत काम करताना शिकलो. राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना ज्यांच्याकडे आहे, जे अशा ठिकाणी काम करतात, किंवा घरगुती मीड जेथे कायद्याने चालते अशा देशात जे राहतात, त्यांच्यासाठी ती लिहिली आहे. तयार मीडची भट्टी लावण्याचा, म्हणजे ते उकळून त्याचा अर्क काढण्याचा विचार मात्र कोणीही, कोठेही करू नये.

या सर्व खटाटोपात एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवायची आहे. मधात साखर भरपूर असते, पण यीस्टला शरीर वाढवण्यासाठी लागणारे नत्र जवळजवळ नसते. द्राक्षाच्या रसात साखरेबरोबर नत्र, क्षार आणि जीवनसत्त्वेही येतात, त्यामुळे द्राक्षाची वाईन पुष्कळ चुका पोटात घालते. मीड तसे करत नाही. मी पाहिलेल्या बिघडलेल्या मीडपैकी बहुतेक मीड यीस्टच्या उपासमारीने बिघडले होते, आणि दोष मात्र दर वेळी मधाला दिला गेला होता.

मध आणि पाणी

सातारा जिल्ह्यातील वाचकाला मधासाठी लांब जावे लागत नाही. महाबळेश्वर, जावळी आणि पाटण या डोंगरी तालुक्यांत सातेरी माशीच्या पेट्या पूर्वापार आहेत, राज्याचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे आणि त्याच तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. जांभूळ, हिरडा, गेळा अशा निरनिराळ्या फुलोऱ्यांचा मध येथे वेगवेगळा ओळखला जातो. जांभळाचा मध गडद आणि किंचित कडवट असतो. साखर आंबून गेल्यावर हा कडवटपणा उघडा पडतो, म्हणून कोरडे, अजिबात गोड नसलेले मीड करायचे असल्यास तो बेताने वापरावा, अर्धगोड मीडला मात्र तोच कडवटपणा उठाव देतो. पहिल्या प्रयत्नासाठी संमिश्र फुलोऱ्याचा फिकट मध उत्तम. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. तिचा मध हाती आला तर तो भाकरीबरोबर खावा, शिकाऊ हाताच्या बरणीत घालू नये.

आग्या मोहोळाचा मध पुष्कळदा पोळे पिळून काढलेला असतो. त्यात परागकण जास्त असतात आणि ते यीस्टच्या फायद्याचे असतात, पण पोळ्यातील अळ्यांचा रसही त्यात उतरलेला असतो आणि त्याची चव लपत नाही. असा मध शक्यतो टाळावा आणि यंत्राने फिरवून काढलेला घ्यावा. साखरेचा पाक मिसळलेला स्वस्त मधही आंबतो. यीस्टची त्याबद्दल काही तक्रार नसते, तक्रार असते ती सहा महिन्यांनी पेला ओठाला लावणाऱ्याची, कारण मागे सुवास असा काहीच उरलेला नसतो.

जुन्या युरोपीय पद्धतींत मध-पाणी उकळून वरचा फेस काढून टाकत असत. त्याची गरज नाही. मध तापवू नये असे आयुर्वेद आपल्या कारणांनी सांगतो; मीडच्या बाबतीत कारण साधे आहे, फुलांचा सुवास वाफेबरोबर निघून जातो. मध रवाळ झाला असेल तर बाटली हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात ठेवून तो पातळ करावा.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन उडून जाण्यासाठी ते उकळून, झाकून, पूर्ण थंड करून घ्यावे. आरओचे पाणी क्षारहीन असल्यामुळे एकट्याने वापरू नये, आणि जत-कवठेमहांकाळकडील बोअरचे खारट पाणी तर मुळीच वापरू नये. पिण्यास गोड लागणारे विहिरीचे पाणी उकळून घेतल्यास चांगले चालते.

मोजमाप

पाच लिटरची काचेची बरणी धरून हिशेब देतो, म्हणजे फेसाला वर लिटरभर जागा राहते. एक किलो मध घ्यावा आणि त्यात एकूण द्रव चार लिटर होईपर्यंत पाणी घालावे. एक किलो मधाचे आकारमान सुमारे ७०० मिलिलिटर असते, त्यामुळे पाणी साधारण ३.३ लिटर लागते. प्रथम अर्ध्या पाण्यात मध पूर्ण विरघळवावा, कारण तो तळाशी जाऊन बसला तर पुढील सर्व मापे खोटी ठरतात. मग उरलेले पाणी घालून पाच मिनिटे जोरात घुसळावे. सुरुवातीला यीस्टला प्राणवायू हवा असतो आणि तो मिळण्याची हीच वेळ असते.

दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर दुधात तरंगताना आपल्याकडे सर्वांनी पाहिला आहे. हायड्रोमीटर हे त्याच तत्त्वाचे उपकरण असून त्याची पट्टी फक्त वेगळ्या टप्प्याची असते. वरील मिश्रणाची घनता सुमारे १.०७४ यावी. तासगावकडील द्राक्ष बागायतदाराच्या भाषेत सांगायचे तर हे सुमारे १८ ब्रिक्स, म्हणजे वजनाने १८ टक्के साखर झाली, आणि बागेतील रिफ्रॅक्टोमीटर या पहिल्या मापाला खुशाल वापरावा. मद्यार्क तयार होऊ लागल्यावर मात्र रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा फसवतो; तेथून पुढे हायड्रोमीटरवरच विसंबावे. बहुतेक हायड्रोमीटर २० अंश सेल्सिअसला बरोबर असतात, त्यामुळे ३० अंशांच्या खोलीत ते २ ते ३ अंक कमी दाखवतात, म्हणजे वाचन १.०७१ आले तरी घाबरून आणखी मध ओतू नये.

आरंभीच्या घनतेतून अखेरची घनता वजा करून १३१ ने गुणले की मद्यार्काची टक्केवारी अंदाजे मिळते. १.०७४ वरून सुरू झालेले मीड पूर्ण कोरडे होऊन ०.९९८ वर थांबले तर मद्यार्क सुमारे १० टक्के होतो. याहून तीव्र मीड पहिल्या खेपेस करू नये. मध जितका जास्त तितका यीस्टवर ताण जास्त, आणि पेय पिण्याजोगे व्हायला लागणारा काळही तितका लांब.

बरणी, नळी, चमचे, सारे प्रथम साबणाने धुऊन मग निर्जंतुक करावे. फळप्रक्रिया करणाऱ्यांच्या परिचयाचे केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम आणि चिमूटभर सायट्रिक आम्ल घालून वापरले की काम होते. त्याची वाफ नाकाशी धरू नये; दम्याच्या माणसाने हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. बाजारातील एअरलॉक मिळाला नाही तर सलाईनची नवी नळी बुचातून आत घालून तिचे दुसरे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवावे. वायू बाहेर जातो, हवा आत येत नाही.

यीस्ट आणि त्याचे जेवण

बेकरीचे यीस्ट साखर आंबवते, पण तळाशी घट्ट बसत नाही आणि पावाचा वास मागे ठेवते. वाईनचे यीस्ट पाच ग्रॅमच्या पुडीत मिळते आणि तेवढी एक पुडी पुरते. आपल्या हवेचा विचार केला तर ७१बी किंवा के१व्ही हे प्रकार बरे पडतात, कारण थोडी ऊब ते सोसतात. डी४७ हा नावाजलेला प्रकार २० अंशांच्या वर गेला की जळजळीत, रंगाच्या डब्यासारख्या वासाचे मद्यार्क तयार करतो, त्यामुळे तो महाबळेश्वरच्या थंडीतच शोभतो.

पुडी थेट मधाच्या पाण्यात टाकू नये. सुकलेल्या यीस्टच्या पेशींना एकदम दाट साखरेत लोटले तर त्यांतील पुष्कळशा मरतात. ४० अंशांच्या, म्हणजे अंगापेक्षा किंचितच गरम अशा ५० मिलिलिटर साध्या पाण्यात यीस्ट भुरभुरावे, पंधरा-वीस मिनिटे ठेवावे, मग त्यात बरणीतील दोन-तीन चमचे मिश्रण घालून आणखी थोडा वेळ थांबावे आणि दोहोंच्या तापमानात दहा अंशांपेक्षा जास्त अंतर उरले नाही की ओतावे. वायनरीतील ज्येष्ठ सहकारी याला ‘नवरी घरात घेणे’ म्हणत. उंबऱ्यावर थोडे थांबवल्याशिवाय आत घ्यायचे नाही.

आता मुख्य भाग. चार लिटरसाठी एकूण दोन ग्रॅम डायअमोनियम फॉस्फेट आणि चार ग्रॅम मृत यीस्टपासून केलेले पोषक घ्यावे, त्यांचे चार समान भाग करावेत, आणि त्यांतील तीन २४, ४८ व ७२ तासांनी एकेक करून द्यावेत. चौथा भाग एकतृतीयांश साखर संपल्यावर, म्हणजे घनता १.०४९ च्या आसपास आली की किंवा सातव्या दिवशी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा द्यावा. सगळे जेवण पहिल्याच दिवशी वाढले तर यीस्ट अधाशासारखे वाढते, उष्णता निर्माण करते आणि आठवड्याभरात पुन्हा उपाशी पडते. मृत यीस्टचे पोषक बाजारात मिळाले नाही तर बेकरीचे पाच ग्रॅम यीस्ट अर्धा कप पाण्यात दहा मिनिटे उकळून मारावे आणि ते पाणी चार हप्त्यांत वाटून द्यावे.

डायअमोनियम फॉस्फेट हे नाव वाचून सांगली जिल्ह्यातील निम्म्या वाचकांच्या डोळ्यांसमोर खताची गोणी उभी राहिली असेल, आणि ती घरात आहेच असाही विचार आला असेल. रासायनिक नाव एक असले तरी उसाच्या सरीत टाकायचे डीएपी पोटात जाण्याच्या शुद्धतेचे नसते. खाद्य दर्जाचे पाकीट वेगळे विकत घ्यावे. चार लिटरला लागते ते दोन ग्रॅम, त्यात काटकसर कसली?

बेदाण्याबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे, जरी बेदाण्याच्या मुलखात राहून ती सांगणे जिवावर येते. मीडमध्ये वीस-पंचवीस बेदाणे टाकले की यीस्टचे पोषण होते, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. तसे होत नाही. तेवढ्या बेदाण्यांतून मिळणारे नत्र नगण्य असते. खरोखर पोषण करायचे तर काही किलो बेदाणे लागतील आणि मग ते मीड राहणार नाही. बेदाण्याने चवीला थोडा भरीवपणा येतो, तेवढ्यासाठी घालायचे तर जरूर घालावेत, पण हिरवट रंग राहावा म्हणून गंधकाची धुरी दिलेले बेदाणे घेऊ नयेत.

पोषक देताना मी स्वतः केलेली चूक येथे नोंदवतो. तिसऱ्या दिवशी आंबणे भरात असताना मी कोरडी पूड थेट बरणीत टाकली. द्रवात विरघळून बसलेल्या कार्बन डायऑक्साइडला प्रत्येक कणावर बुडबुडा बांधायला जागा मिळाली, आणि दोन सेकंदांत फेसाचा खांब बरणीतून उसळून छतापर्यंत नव्हे, पण वरच्या फळीवरील नोंदवह्यांपर्यंत निश्चित पोहोचला. त्या वह्यांची पाने आजही एकमेकांना चिकटलेली आहेत. तेव्हापासून मी आधी निर्जंतुक दांड्याने हळूहळू ढवळून वायू मोकळा करतो, फेस बसू देतो, आणि मग पोषक चमचाभर पाण्यात विरघळवून धारेने सोडतो. पहिले तीन दिवस असे सकाळ-संध्याकाळ ढवळावे. चौथ्या दिवसापासून ढवळणे बंद करावे, कारण तेथून पुढे हवा शत्रू ठरते.

ऊब, वास आणि वाट पाहणे

मिश्रणाचे तापमान २० ते २४ अंशांदरम्यान राहिले तर उत्तम. सांगलीच्या चैत्रात हे वातानुकूलनाशिवाय शक्य नाही. दिवाळी ते संक्रांत हा काळ त्यासाठी निसर्गानेच दिलेला आहे. तरीही दुपारी खोली तापत असेल तर बरणी पाणी भरलेल्या घमेल्यात ठेवावी, तिच्याभोवती ओले गोणपाट गुंडाळावे आणि त्याची कड पाण्यात बुडती ठेवावी. माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते त्याच कारणाने बरणी तीन-चार अंशांनी उतरते. पहिल्या आठवड्यातील तापमान सर्वांत महत्त्वाचे. नंतर थोडे वर-खाली झाले तरी फारसे बिघडत नाही.

बारा ते चोवीस तासांत बारीक फसफस ऐकू येऊ लागते. कान बरणीला लावला तर पावसाळ्यात दूरच्या पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज येतो. या काळात कुजक्या अंड्याचा वास आला तर तो यीस्टच्या भुकेचा आवाज समजावा. पोषकाचा पुढचा हप्ता असल्यास तो लगेच द्यावा आणि जोरात ढवळावे. बहुधा एका दिवसात वास जातो. आंबणे मध्येच थंडावले आणि पोषकाचे हप्ते तर सगळे देऊन झाले असतील, तर पीएच पट्टीने आम्लता तपासावी. मधाच्या पाण्याला आम्लता सावरून धरण्याची ताकद फार कमी असते, त्यामुळे पीएच कधी कधी ३ च्या जवळ घसरतो आणि यीस्ट काम सोडते. अशा वेळी चार लिटरला एक ग्रॅम खाद्य दर्जाचे पोटॅशियम बायकार्बोनेट घालून पुन्हा पाहावे.

बुडबुडे थांबले म्हणजे मीड झाले, असे मानू नये. थंडी पडली तरी बुडबुडे थांबतात आणि ऊन वाढले की आंबणे संपलेले असतानाही निघतात. दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेली हायड्रोमीटरची दोन वाचने एकच आली तरच आंबणे संपले. सर्वसाधारणपणे त्याला दोन ते चार आठवडे लागतात.

या टप्प्यावर चव घेतली तर निराशाच पदरी येते. गढूळ, उग्र, आंबट, आणि मध जणू कोणी चोरून नेला. हे साहजिक आहे. तळाचा गाळ न हलवता नळीने वरचा द्रव दुसऱ्या, काठोकाठ भरेल अशा बरणीत उतरवावा. नळीचे टोक तळाला टेकलेले असावे, म्हणजे धार हवेतून पडणार नाही. ही बरणी अंधाऱ्या, थंड जागी तीन ते सहा महिने ठेवावी. मध्ये दोन बोटे गाळ बसला तर पुन्हा एकदा उतरवावी. मधाचा सुवास चौथ्या-पाचव्या महिन्यात परत येतो. का कोण जाणे असे म्हणायचा मोह होतो, पण कारण ठाऊक आहे, विरघळलेला वायू आणि आरंभीचे उग्र वास ओसरले की तो मोकळा होतो. सहा महिन्यांनीही मीड निवळले नाही तर लिटरमागे एक ग्रॅम बेंटोनाइट, म्हणजे गाळ खाली बसवणारी बारीक माती, गरम पाण्यात भिजवून, त्याची पातळ पेज करून घालावी. आठवड्यात बरणीपलीकडचे वर्तमानपत्र वाचता येते.

बाटलीत भरताना निष्काळजीपणा झाला तर इजा होते, म्हणून येथे पुन्हा बजावतो. साखर शिल्लक आणि यीस्ट जिवंत अशा स्थितीत काचेची बाटली बंद केली तर ती फुटते, आणि काचा दूरवर उडतात. कोरडे, घनता स्थिरावलेले मीडच बाटलीत भरावे. गोड हवे असेल तर ते पूर्ण निवळल्यानंतर चार लिटरला ०.४ ग्रॅम केएमएस आणि सुमारे एक ग्रॅम पोटॅशियम सॉर्बेट घालावे, दोन दिवस थांबावे, आणि मगच चवीप्रमाणे मध मिसळून आणखी दोन आठवडे एअरलॉकखाली निरीक्षण करावे. सॉर्बेट यीस्टला मारत नाही, त्याची वाढ रोखते. भरात असलेले आंबणे त्याने थांबत नाही. शंका असेल तर थोडेसे मीड प्लास्टिकच्या सोड्याच्या बाटलीत भरून सोबत ठेवावे. ती बोटाने दाबल्यावर दगडासारखी कडक लागू लागली की काचेच्या बाटल्यांची बुचे तातडीने सैल करावीत.

मधाची इतर पेये

पोलंडमध्ये मीडची प्रतवारी मध आणि पाणी यांच्या प्रमाणावरूनच केली जाते. एका मापाला अर्धे माप पाणी असेल तर पूवतोराक, सारखे असेल तर द्वूयन्याक, दोन मापे असतील तर त्रूयन्याक आणि तीन असतील तर चफूर्न्याक. मुरवण्याचा किमान काळही याच क्रमाने तीन वर्षे, दोन वर्षे, एक वर्ष आणि नऊ महिने असा ठरलेला आहे. या नावांना २००८ मध्ये युरोपीय संघाचे पारंपरिक उत्पादन म्हणून संरक्षण मिळाले. वर दिलेली आपली कृती यांतील सर्वांत सौम्य प्रकारापेक्षाही सौम्य आहे.

इथिओपियातील तेज हे पेय गेशो नावाच्या झुडपाची पाने आणि काड्या मधाच्या पाण्यात भिजवून करतात. बिअरमध्ये हॉप्सचे जे काम, तेच येथे गेशोचे: गोडीला कडवटपणाची जोड देणे. ते काही आठवड्यांतच, गढूळ असतानाच, बेरेले नावाच्या गोल पोटाच्या आणि निमुळत्या मानेच्या काचपात्रातून पितात.

फळांची मीड आपल्या जिल्ह्यांना सहज साधण्यासारखी आहेत. जांभळाचा गर चार लिटरला एक किलो या प्रमाणात, पहिले आंबणे संपल्यावर दुसऱ्या बरणीत घालावा आणि दहा दिवसांनी गाळून काढावा. रंग गर्द येतो आणि बियांचा तुरटपणाही लागत नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात, कारण तिचा लाल रंग काही महिन्यांत विटकरी होतो आणि सुवास निम्म्याहून जास्त उडतो. द्राक्षाचा रस पाण्याच्या अर्ध्या भागाऐवजी घेतला तर मात्र सर्वांत कमी त्रासात चांगले पेय होते. त्यातील नत्रामुळे पोषकाची मात्रा अर्धी पुरते, पण रसाची साखरही हिशेबात धरून मध तेवढा कमी करावा, नाहीतर पेय नको तितके तीव्र होते.

आपल्याकडील आसवांची परंपरा याहून निराळी. चरकसंहितेत मध्वासवाचा उल्लेख येतो, आणि आसव-अरिष्टांच्या संधानासाठी, म्हणजे ती आंबवण्यासाठी, धायटीची फुले घालण्याची पद्धत आजही चालू आहे. ही लालभडक नळीसारखी फुले उन्हाळ्याच्या सुरुवातीला सह्याद्रीच्या उतारांवर सर्वत्र दिसतात. त्यांच्यावरील रानटी यीस्ट आणि त्यांतील तुरट द्रव्य, दोन्ही संधानाला उपयोगी पडतात. जुन्या पद्धतीत तूप चोळलेल्या मातीच्या घड्यात द्रव्ये भरून, तोंड लिंपून, घडा धान्याच्या राशीत पुरत असत. धान्यामुळे दिवसरात्र तापमान सारखे राही, म्हणजे आपले ओले गोणपाट जे करते त्याचीच ही दुसरी तऱ्हा. संधान पुरे झाले का हे पाहण्यासाठी तोंडाशी जळती काडी धरतात: ती विझली तर वायू अजून निघत आहे, जळत राहिली तर काम संपले. ही परीक्षा हायड्रोमीटरइतकी नेमकी नाही, तरी तत्त्व अगदी बरोबर आहे. आसव हे औषध आहे. ते वैद्याच्या सांगण्यावरून आणि औषधशाळेतलेच घ्यावे.

एखादी बरणी हवा लागून आंबट झालीच तर तिचा शिरका करावा. मीडमध्ये तेवढेच उकळून गार केलेले पाणी मिसळून मद्यार्क पाच-सहा टक्क्यांवर आणावा, रुंद तोंडाच्या बरणीत ओतून वर दुहेरी सुती फडके बांधावे आणि ऊबदार जागी ठेवावे. मीडला नकोसा असलेला सांगलीचा उन्हाळा शिरक्याला मानवतो. दोन-तीन महिन्यांत वर सायीसारखी पातळ चकती धरते आणि नाकात झणका जाणारा, मागे मधाचा मंद वास असणारा शिरका तयार होतो. कांद्याच्या कोशिंबिरीवर तो फार छान लागतो. फक्त ही बरणी मीडच्या बरणीपासून दूर, शक्य तर दुसऱ्या खोलीत ठेवावी. शिरक्याचे जंतू चिलटांच्या पायांवरून प्रवास करतात आणि पुढच्या बरणीसाठी एक चिलट पुरते.